आडवा फोटो, उभा फोटो

बुधवार, ५ मार्च

प्रिय भावोजी,

अनेक आशीर्वाद. तुम्ही, धाकटी आणि मुलं बरी असाल असं धरून चालते. आम्ही दोघं बरे आहोत. तुमच्या दादांचा गुडघा आहे तसाच आहे, आणि डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम ते रोज उद्यापासून करणार असतात.

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणाल. फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही म्हणून. समोरच्याचं वाक्य मध्येच कापायची तुम्हा पेपरवाल्यांना सवयच असते. कागदावर ते जमणार नाही.

दुकान बरं चाललंय. फ्रेमच्या पट्ट्या महागल्या, काच महागली, पण माणसं फोटो लावायची थांबत नाहीत. परवा एक बाई आल्या, घरच्यांचा मोठा ग्रुप फोटो घेऊन, आणि हळूच म्हणाल्या, यातली नणंद काढता येईल का? म्हटलं, बाई, तशी सोय असती तर माझ्या दुकानाबाहेर रांग लागली असती. हसल्या बिचाऱ्या, आणि नणंदेसकट फोटो फ्रेम करून घेऊन गेल्या.

धाकटीला सांगा, तिने मागितलेली आरशाची चौकट तयार आहे. कोणी तिकडे येणारं असलं की पाठवते.

तर भावोजी, मघापासून मी इकडचं तिकडचं लिहितेय हे तुमच्या लक्षात आलं असेल. तुम्ही मला चांगले ओळखता. मुद्द्यावर यायला माझी जीभ रेटत नाही, म्हणून आधी नणंद, मग आरसा. आता येतेच.

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी ज्यांचा दवाखाना आहे त्या दातांच्या डॉक्टरीणबाई दुकानात आल्या. हातात तुमच्या पेपरचं पहिलं पान. त्यावरचा फोटो फ्रेम करायचा होता. एका इमारतीचा जिना, त्यात गुडघ्यांवर वाकलेला माणूस, आणि त्याच्या अंगाखाली एक छोटी मुलगी. मी नेहमीसारखं विचारलं, खालची ओळ ठेवू की कापू? म्हणाल्या, कापा, ती खोटी आहे. ओळ होती, ‘गाझा : कोसळलेल्या घरातल्या माणसांना बाहेर काढताना शेजारी’. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे गाझा नाही, हा इस्रायलमधला जिना आहे. आणि हा शेजारी नाही, तिकडे स्थायिक झालेला माझा भाऊ आहे, आणि ती माझी भाची. मी ओळ कापली. तेव्हा तुमचं नाव मनात आलं नव्हतं असं म्हणणार नाही.

चारच दिवस गेले असतील, चौकातले औषधवाले आले. त्यांची बहीण लग्न होऊन गाझात गेलेली, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांनी एक फोटो मोठा छापून आणला होता, आडवा. पडलेलं घर, त्यावर हातांनी माती उपसणारी माणसं, आणि त्यातला एकजण हात वर करून उभा. म्हणाले, खाली एक ओळ लिहून द्या. वृत्तसंस्थेने त्या फोटोला दिलेली ओळ त्यांनी चिठ्ठीवर उतरवून आणली होती, ती खिशातून काढून वाचून दाखवली, ‘गाझा : कोसळलेल्या घरातल्या माणसांना बाहेर काढताना शेजारी’.

माझ्या टेबलावर कापलेली तीच ओळ अजून पडली होती. मी उचलली आणि त्यांच्या फोटोखाली धरली. फोटो एकाचा, शब्द दुसऱ्याचे, आणि दोन्ही माणसं माझ्याच गिऱ्हाइकांची.

मग मला कळलं की नुसती चूक झाली असं म्हणून भागणार नाही. तुमच्या पेपरातला फोटो गाझाचा नव्हे हे लोकांना दुसऱ्याच दिवशी समजलं, आणि ज्याच्या त्याच्या फोनवर एकच सुरू झालं, की बघा, गाझाचे सगळेच फोटो खोटे असतात. औषधवाल्यांच्या काउंटरवर गोळ्या घेता घेता माणसं त्यांना हे ऐकवून गेली. ज्याची बहीण त्या मातीखाली होती, त्याला. आणि डॉक्टरीणबाईंना त्यांच्याच एका पेशंटने विचारलं, तुमच्या भावाला नाटकात घेतलं होतं म्हणे? एका ओळीने दोघांचंही दुःख खोटं ठरवलं. तुम्ही अकराव्या पानावर तळाशी दोन ओळींची दिलगिरी छापलीत. ती मी भिंग लावून शोधली.

दोघांना मी एका संध्याकाळी दुकानात बोलावलं. तुम्हाला वाटेल, गळ्यात गळे घातले असतील. छे. पहिल्या खेपेला डॉक्टरीणबाई उठून गेल्या, पुन्हा बोलावलं तेव्हा औषधवाले. ते म्हणायचे, कोणाचे किती मेले ते तरी बघा, दोन्ही पारडी सारखी कशी धरता? त्या म्हणायच्या, माझी भाची जिन्यात झोपते, तिची भीती कुठल्या पारड्यात घालू? तुमच्या दादांचे चहा करता करता नाकी नऊ आले. यातलं काहीही मिटलं नाही, आजही मिटलेलं नाही. पण एका गोष्टीवर दोघं एकदम बोलले आणि एकदम थांबले. फोटोखाली खरं लिहिलं पाहिजे.

पेपरांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारं जे मंडळ आहे, त्याच्याकडे त्यांनी अर्ज केला. मागणी एकच. दोन्ही फोटो पहिल्या पानावर, एकाच मापाचे, आपापल्या खऱ्या ओळींसकट छापा, आणि चूक कशी झाली ते वाचकांना सांगा. अर्ज तुमच्या ऑफिसात पोचलाय हे मला माहीत आहे, कारण तुमच्या संपादकांचं उत्तरही आम्हाला आलंय. चूक वृत्तसंस्थेची, दिलगिरी छापली आहे, विषय संपला.

आम्हाला, असं लिहिलं मी. आता लपवून काय करू. अर्जावर तिसरी सही माझी आहे.

तुमच्या दादांना सांगितलं तेव्हा त्यांनी हातातली पट्टी खाली ठेवली आणि म्हणाले, ‘माझ्या भावाविरुद्ध?’ मी म्हटलं, त्याच्या पेपरविरुद्ध. ते म्हणाले, ते पान त्यानेच लावलं होतं, मग वेगळं काय? मग आठवडाभर आमच्याकडे फक्त कामापुरतं बोलणं झालं.

कारण भावोजी, चूक वृत्तसंस्थेची नव्हती हे आम्हाला दोघांनाही ठाऊक आहे. फोटो छापून आल्यावरच्या रविवारी तुम्ही दादांना फोन केलात तेव्हा त्यांनी फोनचा आवाज मोठा ठेवला होता, मी शेजारीच काच कापत होते. तुम्ही सांगितलंत, पान आडव्या फोटोने लावलेलं होतं, ऐनवेळी जाहिरात आली, बाजूला अरुंद उभी जागा उरली, आणि तुम्ही त्याच दिवशी आलेल्या फोटोंमधून जो उभा दिसला तो टाकलात. ओळ आधीचीच राहिली. तुम्ही रडत होतात.

हे मी अर्जात लिहिलेलं नाही. औषधवाल्यांना नाही, डॉक्टरीणबाईंना नाही, कोणालाच सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. घरात बोललेलं घरातच राहील. सुनावणीला पेपरतर्फे तुम्ही येणार आहात असं मंडळाच्या पत्रात आहे. संपादकांनी लिहिलं तेच तुम्ही म्हणालात तर आमची तक्रार तिथेच संपेल आणि तुमची नोकरी राहील. खरं बोललात तर काय होईल ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. घराचे हप्ते आहेत, मुलांच्या फिया आहेत, हे मला कळत नाही असं समजू नका.

तेव्हा मी तुम्हाला अमुक करा असं सांगत नाही. मी समोरच्या टेबलाशी बसलेली असेन, हे तिथे पोचून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं, म्हणून हा कागद.

उत्तर पाठवू नका. जे काय असेल ते तिथेच बोला.

तुमच्यावर रागावलेली आणि तुमच्यासाठी घाबरलेली,
वहिनी


रविवार, ३० मार्च

प्रिय भावोजी,

आशीर्वाद. धाकटीचा फोन आला होता. तुम्हाला पानावरून काढलं, चौकशी होईपर्यंत घरी बसवलं, आणि तुम्ही कोणाचा फोन उचलत नाही, हे सगळं तिने सांगितलं. ती माझ्यावर चिडलेली आहे, आणि तिने चिडावंच. मी तिच्या जागी असते तर माझ्याशी बोललेही नसते. तिला म्हणावं, वहिनीने सगळं ऐकून घेतलं आणि एक शब्द उलट बोलली नाही. विश्वास बसणार नाही तिचा.

सुनावणीत तुम्ही बाहेर बाकावर होतात. तुम्हाला नंतर आत घेतलं. त्यामुळे आधी आत काय झालं ते तुम्हाला कोणी धड सांगितलं नसणार. ते तुम्हाला कळलंच पाहिजे, म्हणून लिहिते. तुमचे दादा गाडीतून उतरले, माझ्याबरोबर चालत आले आणि दारातून आत येण्याऐवजी सरळ जाऊन तुमच्या शेजारी बाकावर बसले, हे मी पाहिलं. तुमचं काय बोलणं झालं ते मी विचारलेलं नाही.

आत लांब टेबल, पाण्याचे जग, आणि समोर पांढरी भिंत. अध्यक्षबाई पूर्वी न्यायाधीश होत्या म्हणे. बारीक चण, चष्मा नाकाच्या टोकावर, आणि बोलणं असं की खुर्चीत आपोआप सरळ बसावं. त्यांनी दोन्ही फोटो भिंतीवर दाखवायला सांगितले. भावोजी, मी हे फोटो फार तर हातभर आकारात हातात खेळवलेले. माझ्याच दुकानात त्यांना माउंट लावले होते. आता ते भिंतभर झाले. त्या माणसांची नखं दिसत होती. मातीत घातलेली, फुटलेली. जिन्यातल्या बापाच्या पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या, ते मला तोवर दिसलंच नव्हतं.

अध्यक्षबाई म्हणाल्या, आपापली तक्रार मांडा. तर आमच्या डॉक्टरीणबाई उठल्या आणि आडव्या फोटोपाशी जाऊन उभ्या राहिल्या. औषधवाल्यांच्या फोटोपाशी. मला वाटलं, गडबडल्या. पेपरचे वकीलही म्हणाले, बाई, तुमचा फोटो तिकडे आहे. त्या म्हणाल्या, मला माहीत आहे. माझ्या भावाबद्दल मी बोलले तर तुम्ही म्हणाल, बहीणच ती, बोलणारच. म्हणून मी यांच्या फोटोबद्दल बोलणार आहे आणि ते माझ्या. आम्ही तसं ठरवलंय. मला दोघांनीही त्याचा पत्ता लागू दिला नव्हता.

मग त्यांनी त्या फोटोतला एकेक माणूस सांगितला. हा शेजारी, हा त्याचा मेहुणा, हा रस्त्याने जाणारा, कोणाचा कोणी नाही. यंत्र नाही, म्हणून हातांनी. आणि मग तो हात वर केलेला माणूस. मला कायम वाटायचं, तो ओरडतोय. मदत मागतोय. तुम्हालाही तसंच वाटलं असेल. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘तो ओरडत नाही. तो सगळ्यांना गप्प करतोय. खालून आवाज येतो का ते ऐकायला.’

भावोजी, ती खोली अशी काही गप्प झाली की काय सांगू. टंकलेखक होता, त्याचे हात थांबले. वकिलांच्या हातातला कागद वाजायचा थांबला. कोणीही सांगितलं नव्हतं, पण आम्ही सगळे ऐकत होतो. खरंच ऐकत होतो, त्या भिंतीतून काही येतं का ते.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आधी आवाज आला. मग थांबला. तो आवाज यांच्या बहिणीचा होता. आणि त्या जागेवर जाऊन बसल्या.

औषधवाल्यांनी मान वर केली नाही. मला वाटलं, हे आता उठणार नाहीत. पण उठले. कोरडा माणूस, तुम्हाला माहीत आहे, गोळ्या दिवसातून किती वेळा घ्यायच्या हे सांगतात त्याच आवाजात बोलले. जिन्याच्या फोटोपाशी गेले आणि म्हणाले, हा माणूस कोणाला बाहेर काढत नाहीये. हल्ल्याचा भोंगा वाजतोय, वरचं छत राहील की जाईल हे त्याला ठाऊक नाही, म्हणून त्याने स्वतःचं छत केलंय. तोंड उघडं आहे ते रडण्यासाठी नाही. तो गाईसारखा हंबरतोय. भोंग्याचा आवाज मुलीच्या कानात जाऊ नये म्हणून. नीट बघा, मुलीचे दात दिसतात. ती हसतेय.

मी बघितलं. हसत होती. एवढे दिवस माझ्या टेबलावर तो फोटो होता आणि मला ती किंचाळताना दिसत होती.

ते पुढे म्हणाले, या माणसाचं सरकार माझ्या बहिणीच्या घरावर बॉम्ब टाकतं. ते मी विसरणार नाही, आणि इथे दोन्ही सारखं आहे असंही म्हणणार नाही. पण हा बाप खोटा नाही. याला माझ्या दुःखाच्या जागी उभं करून तुम्ही दोघांनाही खोटं पाडलंत. मला माझा फोटो पाहिजे आणि याला याचा द्या.

मला काय वाटलं ते लिहायला शब्द शोधतेय. आदर वगैरे म्हणतात तो नाही. मोठ्या डोंगराच्या पायथ्याशी उभं राहिल्यावर आपण किती छोटे ते कळतं ना, तसं काहीतरी. हीच माणसं माझ्या दुकानात शब्दाशब्दावरून भांडत होती, आणि भांडता भांडता कधीतरी त्यांनी एकमेकांचं माणूस पाठ करून टाकलं होतं. अंगावर काटा आला म्हणतात तो खरंच येतो, मी माझ्या हातावर पाहिला.

मग तुम्हाला बोलावलं.

तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत. मी उगाच पाणी प्यायले. वकिलांनी विचारलं, फोटोखालची ओळ वृत्तसंस्थेकडून आलेली होती, बरोबर? तुम्ही म्हणालात, हो. मनात म्हटलं, संपलं. आणि खरं सांगू, त्या क्षणी मला तुमचा राग आला नाही. मुलांची तोंडं डोळ्यांपुढे आली आणि वाटलं, जाऊ दे, सुटला.

वकील बसायला लागले आणि तुम्ही म्हणालात, ‘ओळ बरोबर होती. वेगळ्या फोटोखाली ती मी ठेवली.’

पुढचं सगळं तुम्ही सांगितलंत, जाहिरात, उरलेली जागा, तुमची पानावरची सही. वकील तुमची बाही ओढत होते आणि तुम्ही अध्यक्षबाईंकडे बघून बोलत होतात. संपल्यावर त्यांनी आम्हाला विचारलं, काही प्रश्न? मी मान हलवली. औषधवाल्यांनी हात वर केला. त्यांनी विचारलं, ‘त्या दिवशी तुम्ही हे दोन्ही फोटो पाहिले होते का?’

भावोजी, हो म्हणाला असतात तर कोण विचारणार होतं? ज्याने पान लावलं त्याने फोटो पाहिलाच असणार, हे कोणीही धरून चाललं असतं. तुम्ही म्हणालात, ‘नाही. मी माप पाहिलं.’

कबुली देणारी माणसं मी पाहिली आहेत. माणसं कबुली देतात ती हातचं राखून. तुम्ही राखलं नाहीत काही. कोणी न मागितलेलं, सगळ्यांत लाजिरवाणं जे होतं तेच तुम्ही उचलून टेबलावर ठेवलंत. या घरात आल्यापासून मी तुम्हाला चिडवत आलेय, तुमची थट्टा केल्याशिवाय माझा दिवस गेला नाही. त्या खोलीत मला तुमच्याकडे बघताना धाक वाटला. खोटं नाही सांगत. बाहेर आल्यावर तुम्ही पुढे निघून गेलात, आणि मला हाक मारायचं धाडस झालं नाही. तेवढ्यासाठीच हे सगळं लिहितेय.

मंडळाचा निकाल आला, आणि काल तुमच्या पेपरने तो पाळला. तुम्ही अंक उघडला नसेल, धाकटी म्हणाली. दोन्ही फोटो पहिल्या पानावर, शेजारीशेजारी, सारख्या मापाचे, खाली ज्याची त्याची ओळ. चूक कशी झाली तेही सरळ लिहिलंय, वृत्तसंस्थेचं नाव न घेता. सकाळी औषधवाल्यांनी काउंटरवर अंक उघडून ठेवला होता. एक गिऱ्हाईक म्हणालं, आता हे तरी खरं कशावरून? औषधवाल्यांनी त्याला नुसत्या गोळ्या दिल्या. तेव्हा जग बदललं वगैरे मी म्हणत नाही. पण दुसरी एक म्हातारी बराच वेळ त्या फोटोवर वाकून होती, आणि तिने विचारलं, हा हात वर केलेला माणूस काय करतोय? ते त्यांनी सांगितलं.

संध्याकाळी दोघं दुकानात आले, आणि नव्या अंकातल्या अग्रलेखावरून पाच मिनिटांत जुंपली. मी म्हटलं, निदान आज तरी. मग थांबले. तुमचं कळलं होतं त्यांना, घरी बसवल्याचं. डॉक्टरीणबाईंचा चेहरा पडला. त्या म्हणाल्या, आम्हाला हे नको होतं. औषधवाले म्हणाले, आपल्याला हेच हवं होतं, कोणीतरी उत्तर द्यावं, आणि त्यांनी दिलं. मग बराच वेळ काचेवर बोट फिरवत राहिले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, तुमच्या दिरांना एकदा इकडे यायला सांगा. माफी मागायला नको. ती झाली. त्यांनी अजून ते फोटो बघितलेले नाहीत. आम्ही दोघं बसू त्यांच्याबरोबर. या माझ्या बहिणीचं घर सांगतील आणि मी यांच्या भावाचा जिना सांगेन, किंवा उलट, कसंही. घाई करायची नाही, एवढंच.

तुमचे दादा हे ऐकून आतल्या खोलीत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

तेव्हा भावोजी, या. धाकटीला आणा, नाहीतर एकटेच या. पानाचं काय होईल, नोकरीचं काय होईल, ते मला सांगता येत नाही आणि मी खोटा धीर देणार नाही. पण ज्यांचं तुम्ही बिघडवलंत ती दोन माणसं तुमची वाट बघतायत, तुम्हाला दाखवायला.

तुमच्याविरुद्ध सही केलेली, आणि त्या दिवसापासून तुमचं नाव मान वर करून सांगणारी,
वहिनी